मशीन परत उठलं पाहिजे

लखनौच्या तेलीबागेतल्या त्या भाड्याच्या वरच्या मजल्यावर घोरपड्यांचं बिऱ्हाड सहा वर्षं होतं, आणि सहा वर्षांत तिथल्या भिंतीत एक खिळा गेला नव्हता. खोटं सांगत नाही. आरसा लोखंडी ट्रंकेवर, भिंतीला टेकवून. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेलं. गणपती फ्रिजवर. खालच्या मजल्यावरचे घरमालक भला माणूस, त्यांनी एकदा स्वतः हातोडी आणून पुढं केली होती, "भाभीजी, आपका ही घर है, जहाँ चाहे ठोक लीजिए." देविकानं हसून हातोडी परत दिली. फौजी क्वार्टरांत संसार केलेल्या बाईला खिळा ठोकायचं सुचतच नाही. ठोकलेला खिळा बदलीच्या वेळी उपटावा लागतो, भोक बुजवून वर चुना फासावा लागतो, आणि तोवर ट्रक दारात येऊन हॉर्न वाजवत असतो.

देविका मूळची कराडची, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली. लग्न झालं ते गजेंद्र घोरपड्यांशी, गाव खटाव तालुक्यात, नोकरी फौजेत. ते शिपायाचे नाईक झाले, नाईकाचे हवालदार, हवालदाराचे सुभेदार. देविका मात्र दर तीन वर्षांनी पहिल्या पायरीवर. जबलपूरला शाळेची कॉम्प्युटर लॅब सांभाळली. अंबाल्याला एका बँकेत डेटा भरला. सिकंदराबादला एका कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये हात जरा बसतोय म्हणेपर्यंत वरून बदलीचा कागद आला. तिनं कधी तक्रार केली नाही, असं सांगितलं तर ती मला फाडून खाईल. भरपूर केली. भांडी आपटली. सिकंदराबादला तर भरलेल्या ट्रंकेवर बसून राहिली होती, उठेचना. पण शेवटी ट्रक भरला गेला, आणि तिच्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसलं.

लखनौला आल्यावर सुभेदारांची बदली सरहद्दीकडे झाली, तेव्हा पोरीच्या शाळेसाठी मायलेकी इथंच राहिल्या. आणि मग देविकाला ती नोकरी मिळाली. एक खासगी पॅथॉलॉजी कंपनी, शहरभर तिची रक्त-लघवी गोळा करायची केंद्रं, जानकीपुरमपासून आलमबागपर्यंत. सगळ्यांचे रिपोर्ट जायचे ते एका थंडगार खोलीतल्या सर्व्हरमधून. त्या खोलीचे मालक तिवारीजी. तोंडात पान, बोलणं साखरेसारखं, आणि नियम एकच: "घोरपडे मैडम, चलती मशीन को हाथ नहीं लगाते." त्यांचा मुख्य सर्व्हर कित्येक वर्षांत बंद म्हणून झाला नव्हता, आणि लोकांनी मुलाचे मार्क सांगावेत तसं ते ही गोष्ट पाहुण्यांना सांगायचे. खंडेनवमीला देविका त्या सर्व्हरला हळद-कुंकू लावून फूल वाहायची. तिवारीजींना ते फार आवडायचं. फक्त फूल पंख्याच्या जाळीत अडकणार नाही ना, एवढं वाकून बघायचे.

तर हे तिवारीजी मुलाकडे बंगळुरूला जायला निघाले. कंपनीच्या साहेबांनी देविकाला बोलावलं. म्हणाले, खुर्ची तुमची, काम तुम्ही जाणता, पण हेड ऑफिस विचारतंय की कागद कुठाय. लिनक्स सिस्टिम चालवण्याची जी वरच्या दर्जाची परीक्षा असते, तिचं सर्टिफिकेट वर्षअखेरपर्यंत आणा. नाहीतर आम्हाला बाहेरचा माणूस आणावा लागेल, आणि तुम्हाला फोनवरच्या तक्रारी लिहून घ्यायला बसावं लागेल.

आणि नेमकं त्याच वर्षअखेरीला सुभेदार निवृत्त होणार होते. गावात त्यांनी घर बांधून ठेवलेलं. दोन खोल्या, पुढं पडवी, मागं विहीर. आयुष्यभर बराकीत झोपताना माणसानं दुसरं कशाचं स्वप्न बघायचं? सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी विषय काढला, आणि पहिल्यांदाच देविका म्हणाली, "मी येत नाही."

"येत नाही म्हणजे?"

"म्हणजे येत नाही. वीस वर्षं तुमच्या मागनं ट्रंका घेऊन फिरले. आता इथं माझं काहीतरी उभं राहतंय. ते सोडून गावाकडं काय करू? पडवीत बसू?"

बरीच खडाजंगी झाली. पोरगी सानिका, बारावीतली, दोघांच्या मधे येऊन म्हणाली, "आप लोग धीरे बोलो यार, अंकल नीचे सुन रहे हैं." घरात आईबाप मराठीत भांडायचे आणि ही हिंदीत पंचगिरी करायची. शेवटी सुभेदारांनी सुभेदारासारखा तोडगा काढला. "ठीक आहे. परीक्षा पास झालीस तर राहू. शब्द दिला. नापास झालीस तर मुकाट्यानं गावी यायचं, मग कुरकुर नको."

"नाही करणार," देविका म्हणाली.

आता ही परीक्षा काय चीज आहे ते सांगायला हवं. प्रश्नपत्रिका नाही, उत्तरपत्रिका नाही. एका खोलीत एकटं बसवतात, डोक्यावर कॅमेरा, समोर एक मशीन, आणि कामांची एक चळत: ही डिस्क जोड, नेटवर्कचा तो दरवाजा उघड, ही सेवा चालू कर, त्या माणसाला इथवरच येऊ दे. पाठांतराचा काडीचा उपयोग नाही. तासन् तास राबायचं. आणि तुम्ही उठून गेलात की तपासणारे पहिली गोष्ट काय करतात? ते मशीन बंद करतात आणि पुन्हा चालू करतात. त्यानंतर जे शिल्लक राहील त्यालाच मार्क. मघाशी चालत होतं हो, म्हणायची सोय नाही.

देविका पहिल्यांदा बसली ती पावसाळा संपता संपता. सगळी कामं केली. प्रत्येक काम चालवून पाहिलं, चाललं. वेळ उरला होता, पण चाललेल्या मशीनला हात लावायचा नाही हे अंगात मुरलेलं. उगाच रीस्टार्ट केलं आणि काही बिघडलं तर? हात मांडीवर ठेवून बसून राहिली आणि खुशीत बाहेर आली. येताना आलमबागच्या बाजारातून जिलबीसुद्धा आणली. तीन दिवसांनी मेल आली: नापास. तेही काठावर नाही, पार आपटलेली. जिलबीची आठवण काढली तरी पुढं कित्येक दिवस तिला मळमळायचं.

सुभेदारांचा फोन आला. "अच्छा. असू दे," म्हणाले. "गावी आंब्याची कलमं लावून घ्यायला सांगतो." दुष्टपणानं नव्हे हो, समजूत घालायला म्हणाले बिचारे. पण देविकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं फोन ठेवला आणि लागलीच दुसऱ्यांदा फॉर्म भरला. तारीख मिळाली डिसेंबरची. त्यानंतर वर्षच संपत होतं, म्हणजे हीच शेवटची.

आपण आपटलो कुठं, हे मात्र तिला कळेना. तिवारीजींना विचारलं तर ते म्हणाले, "अरे मैडम, किस्मत की बात है." किस्मत! ती रोज पहाटे उठून जुन्या लॅपटॉपवर तीच कामं करायची, आणि सगळी चालायची. त्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली, वायर काढली की तो जागच्या जागी ठार. त्यामुळे वायरीला कुणी हात लावायचा नाही अशी घरात ताकीद होती.

आणि एका रविवारी सानिकानं फोन चार्ज करायला म्हणून नेमकी तीच वायर उपटली. देविका पोहे परतत होती. स्क्रीन काळा झालेला दिसला तशी उलथनं घेऊनच धावली. "डोळे फुटले का गं? सकाळपासून काम करतेय मी! सगळं घालवलंस!"

"सॉरी मम्मी! सॉरी! मुझे लगा बंद है!"

सानिकानं घाबरून वायर परत लावली. मशीन चालू झालं. देविका तणतणतच समोर बसली, काय काय गेलं बघायला. आणि बघता बघता तिचा आवाज बंद झाला. उघडलेला दरवाजा बंद. चालू केलेली सेवा झोपलेली. जोडलेली डिस्क जागेवर नाही. तिनं केलेल्या कामातलं निम्मं वाऱ्यावर गेलेलं. प्रत्येक काम ती आत्तापुरतं करत होती. तोच हुकूम, फक्त मागे एक जादा शब्द जोडला की मशीन ते कायमचं लक्षात ठेवतं, आणि तो शब्द तिच्या बोटांना माहीतच नव्हता. ऑफिसात मशीन कधी बंद होत नसे, म्हणून सहा वर्षं तिचं पितळ झाकलेलं राहिलं.

पोहे करपले. सानिकानं येऊन खांद्यावर हात ठेवला. "मम्मी? रो रही हो?"

"नाही गं," देविका म्हणाली, आणि डोळे पुसले. "ऐक. रोज एकदा ही वायर उपटायची. कधी, ते मला सांगायचं नाही."

"सच्ची? डाँटोगी नहीं?"

"ओरडेन. तरी उपटायची."

त्या दिवसापासून घरात भलताच खेळ सुरू झाला. देविका भाजीवाल्याशी घासाघीस करतेय, आतून आवाज: "मम्मी, गया!" की ती पिशवी टाकून वर. देविका वेणी घालतेय, "मम्मी, गया!" मशीन उठेपर्यंत जीव टांगणीला. आणि उठलं की तपासायचं, काय टिकलं, काय गेलं. पहिल्या आठवड्यात रोज काही ना काही जायचं. मग कमी होत गेलं. पण गेलं नाही असा दिवस क्वचितच. कधी ही डिस्क, कधी ती सेवा. बाई चिडचिडी झाली, बारीक झाली, भातात मीठ विसरायला लागली.

अशात सुभेदार घरी आले, निवृत्तीआधीची शेवटची सुट्टी घेऊन. त्यांनी हा प्रकार दोन दिवस बघितला. त्यातलं त्यांना अक्षर कळत नव्हतं, पण एक गोष्ट बरोबर कळली: ही अचानक होणारी तपासणी आहे. आणि तपासणी म्हटलं की सुभेदार मागं राहतात होय? तिसऱ्या दिवशी वायरीचा ताबा त्यांनी घेतला. सानिका निदान ओरडून सांगायची, हे सांगायचेसुद्धा नाहीत. वायर काढून शांतपणे पेपर वाचत बसायचे. देविका येऊन काळा स्क्रीन बघायची आणि किंचाळायची, "अहो!"

"काय उरलं? रिपोर्ट दे," ते पेपरामागून म्हणायचे.

देविकाला हसूही यायचं आणि रागही. एवढी मदत करतोय हा माणूस, म्हणजे मनातून आपण पास व्हावं असं त्याला वाटतंय का? की कर्तव्य म्हणून करतोय? विचारायची छाती झाली नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी सुभेदारांनी तीनदा वायर उपटली, आणि तीनही वेळा सगळं शाबूत उठलं. "ओके रिपोर्ट," देविका म्हणाली. सुभेदार नुसते "हं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंघोळ करून बाहेर आली, तर गच्चीच्या दाराशी सुभेदार उकिडवे बसलेले, शेजारी पांढऱ्या रंगाची डबी, हातात बारीक कुंचला. पुढ्यात मोठी काळी ट्रंक. तिच्यावरचा युनिटचा जुना पत्ता खरवडून काढलेला आणि तिथं नवीन अक्षरं ओली चमकत होती. त्यांचं नाव. खाली मुक्काम पोस्ट. खाली, तालुका खटाव, जिल्हा सातारा.

देविका तिथंच उभी राहिली. केसांतून पाणी ठिबकत होतं. "हे काय?"

सुभेदारांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याची खूणसुद्धा नव्हती, आणि तेच तिला जास्त लागलं. "ट्रंक रंगवतोय. निवृत्तीचं सामान..."

"माझी परीक्षा आज आहे. आज! आणि तुम्ही पत्ता लिहून मोकळे झालात?"

"अगं, मी आपलं..."

"राहू दे. कळलं मला."

सानिका दही-साखरेची वाटी घेऊन आली. देविकानं चमचाभर खाल्लं, पण चव कळली नाही. नमस्कार करताना सुभेदारांच्या पायांना हात लावला तो नुसता रीत म्हणून. ते काहीतरी म्हणणार होते, पण ती जिना उतरून गेलीसुद्धा.

बाहेर धुकं इतकं की समोरचा पानवाला दिसेना. ऑटोनं आलमबाग, तिथून मेट्रोनं हजरतगंज. सगळ्या वाटेत तिच्या डोळ्यांपुढं ती ओली पांढरी अक्षरं. म्हणजे ह्यांना खात्रीच आहे मी आपटणार याची. मग कशाला तो वायर उपटायचा तमाशा केला? माणसानं विश्वास ठेवू नये, पण निदान सोंग तरी संध्याकाळपर्यंत वठवावं! अशी धुमसतच ती परीक्षेच्या खोलीत जाऊन बसली. ओळखपत्र दाखवलं, घड्याळ काढून दिलं, हात थंडीनं आखडलेले ते एकमेकांवर चोळले, आणि काम सुरू झालं.

पहिला तास तिनं रागानंच काढला. बोटं आपोआप चालत होती. डिस्क जोड म्हटलं, जोडली. सेवा चालू कर म्हटलं, केली, मागचा तो जादा शब्द न विसरता. हळूहळू राग मागे पडला आणि काम पुढं आलं. एका ठिकाणी अर्धा-पाऊण तास अडकली, घाम फुटला, तेही सुटलं. शेवटचं काम संपलं तेव्हा कोपऱ्यातल्या घड्याळात थोडाच वेळ शिल्लक होता. अर्ध्या तासाहून जरा कमी.

सगळं चाललेलं. एकूणएक.

आणि आता ती मागच्या वेळच्याच जागी येऊन बसली. रीस्टार्ट करायचं की नाही? घरी सोपं होतं, वायर दुसरं कुणीतरी उपटत होतं. इथं स्वतःच्या हातानं करायचं. कानात तिवारीजींचा गोड आवाज: चलती मशीन को हाथ नहीं लगाते. काही फुटलं तर दुरुस्तीला वेळ कुठाय? आहे ते आहे, हात जोडून उठावं. तिचा हात खरोखरच कीबोर्डवरून मांडीवर गेला. मग तिच्या मनात आलं, आपण नाही केलं तरी ते करणारच आहेत. आपल्यामागं.

तिनं रीस्टार्ट दाबलं.

स्क्रीन काळा झाला. ओळी धावू लागल्या. धावता धावता एका ओळीवर मशीन थांबलं, आणि थांबूनच राहिलं. कशाची तरी वाट बघत होतं. देविका एकटक बघत राहिली. दीडेक मिनिट, पण तिला वाटलं दुपार झाली. मग मशीननं वाट बघणं सोडून दिलं आणि लाल अक्षरांत कळवलं की आपल्याला पुढं जाता येत नाही.

मेले, तिच्या मनात आलं. मेले, मेले, मेले. कशाला हात लावला? चाललं होतं की! मशीनच उठत नाही म्हणजे मार्क नाहीत. एकाही कामाचे नाहीत, सगळ्याला शून्य. डोळ्यांत पाणी आलं आणि स्क्रीनवरची अक्षरं पुसट झाली. कॅमेऱ्यात कुणी बघत असेल म्हणून तिनं डोळेसुद्धा पुसले नाहीत.

आणि मग, कसं कोण जाणे, तिला पेपरामागचा तो आवाज आठवला. काय उरलं? रिपोर्ट दे. शब्द आठवले म्हणण्यापेक्षा शरीराला सवय आठवली. इतके दिवस काळा स्क्रीन बघून किंचाळल्यावर ती दर वेळी खाली बसली होती आणि वाचायला लागली होती. ती वाचायला लागली.

मशीन एका डिस्कची वाट बघत होतं. नाव दिलेलं होतं. आणि त्या नावाची डिस्क त्या मशीनला नव्हतीच.

चालू होताना कुठली डिस्क कुठं जोडायची, हे मशीनला एका फाईलमध्ये लिहून ठेवावं लागतं. तिनं पासवर्ड देऊन ती फाईल उघडली. आणि तिथं तिच्याच हातानं लिहिलेली ओळ: घरच्या लॅपटॉपवरच्या डिस्कचं नाव. इथल्या डिस्कचं नाव वेगळं होतं. सकाळी हातानं जोडताना तिनं समोर बघून बरोबर जोडली होती, पण कायमची ओळ लिहिताना मन होतं त्या ट्रंकेपाशी, आणि बोटांनी रोजचा पत्ता लिहून टाकला होता. रोज पहाटे लिहिलेला. विचार न करता.

देविकानं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग तिच्या तोंडून हसण्यासारखा कसलातरी आवाज निघाला. सुभेदारांचा तो कोरा चेहरा तिला आठवला, ट्रंक रंगवतानाचा. अगं बाई, तो माणूस वीस वर्षं निवृत्तीनंतरचा एकच पत्ता मनात घोकत आला. हाताला जे माहीत ते हातानं लिहिलं. तुझ्या हातानं तरी दुसरं काय केलं?

पण हसायला वेळ नव्हता. तिनं नाव दुरुस्त केलं. एकदा वाचलं, बोट ठेवून पुन्हा वाचलं. घड्याळात मिनिटं सात की आठ. पुन्हा रीस्टार्ट. पुन्हा काळा स्क्रीन, पुन्हा ओळी. तिनं पदराचं टोक मुठीत गच्च धरलं. गणपती बाप्पा, उठव रे. उठव. ओळी त्या जागेपाशी आल्या, आणि थांबल्या नाहीत. मशीन उठलं.

ती भराभर एकेक काम तपासत गेली. निम्मी तपासून झाली, आणि वेळ संपला.

ती घरी आली. उरलेल्या निम्म्या कामांचं काय झालं ते तिला माहीत नव्हतंच. ट्रंक सुकली होती आणि भिंतीशी परत लागली होती, वर आरसा. पत्ता समोरच. दोन दिवस ती त्या पत्त्यासमोर बसून वेणी घालत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या तोंडात हेअरपिन असताना सानिका आतून फोन नाचवत आली.

"मम्मी! मेल आया! मैं खोलूँ? मैं खोल रही हूँ! ...मम्मी, पास! पास हो गई तुम!"

हेअरपिन खाली पडली. देविकानं फोन हिसकावून घेतला, स्वतः वाचलं, दोनदा वाचलं. सानिका तिच्या गळ्यात पडून उड्या मारत होती. देविकानं तिच्या खांद्यावरून सुभेदारांकडे बघितलं. ते दारात उभे होते. तोंडाला मिशीपर्यंत साबणाचा फेस, हातात वस्तरा.

"अभिनंदन," ते म्हणाले. आत गेले, तोंड धुतलं, स्वेटर चढवला, आणि कुठं ते न सांगता जिना उतरून निघून गेले.

देविका मटकन ट्रंकेच्या कडेला बसली. आनंदाचा भर निम्म्यात विरला. शब्द दिला होता त्यांनी, आणि सुभेदार शब्दाचे पक्के. पण शब्द पाळणं वेगळं आणि मनानं राहणं वेगळं, हे काय तिला माहीत नव्हतं? वीस वर्षं तिनं तेच तर केलं होतं. आता त्याच जागी हा माणूस येऊन बसणार. पडवी, विहीर, आंब्याची कलमं, सगळं सोडून या वरच्या मजल्यावर. तिला वाईट वाटलं. पण आपण चुकलो असं मात्र वाटलं नाही, अजिबात नाही.

बऱ्याच वेळानं जिन्यावर पावलं वाजली. सुभेदारांच्या एका हातात घरमालकांची हातोडी, दुसऱ्या हातात कागदाची पुडी. पुडी त्यांनी तिच्यासमोर उलगडली. आत लांब, जाड, नवेकोरे खिळे.

"ऊठ," ते म्हणाले. "आरसा कुठं लावू?"

देविकानं पुडीतला एक खिळा उचलून बघितला.

"मला इथं करमणार नाही, आधीच सांगून ठेवतो," सुभेदार म्हणाले. "कुरकुर करणार मी. भांडी आपटणार. आंब्याच्या दिवसांत महिनाभर गावी जाणार, तेव्हा अडवायचं नाही. पण आता जागा दाखव. नीट विचार करून दाखव, एकदा ठोकला की मी काढायचा नाही."

देविका उठली. तिला धड दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. तिनं खिडकीशेजारच्या भिंतीवर बोट ठेवलं, जिथं सकाळचा उजेड पडायचा. सुभेदारांनी तिथंच खिळा धरला आणि हातोडी घातली. सहा वर्षांत पहिल्यांदा त्या भिंतीचा गिलावा झडला, सानिकाच्या केसांत पडला. खालून घरमालकांचा आवाज आला, "सब ख़ैरियत?"

"सब बढ़िया, अंकल!" सानिका ओरडली.

आरसा टांगला. सुभेदार दोन पावलं मागं सरले, डोकं तिरकं करून बघितलं. मग पुढं होऊन त्यांनी आरसा दोन्ही हातांनी धरला आणि गदागदा हलवला.

"अहो! काय करताय? फुटेल!"

"थांब गं," ते म्हणाले, आणि आरसा काढून घेतला, खिळ्याला बोट लावून जोर लावून खाली ओढून पाहिलं, आणि आरसा परत टांगला. खिळा जागचा हलला नव्हता.

"रिपोर्ट?" देविकानं विचारलं.

"ओके," सुभेदार म्हणाले.